आबांनी विजेचा भाव चढवला

“संध्याकाळच्या विजेचा भाव मी चढवून दाखवतो! आपली हयात कांद्याच्या बाजारात गेलीय!”

अजिनाथ आबांनी पारावर असं जाहीर केलं, तेव्हा समोर गोरक्ष, गिरणीवाल्या केशरबाई आणि वेल्डिंगवाले मोहियोद्दीनभाई एवढेच होते. पण आबांचा आवाज असा, की जणू पुढं अख्खा तालुका बसलाय!

त्याचं असं झालं. पारनेरच्या अलीकडं आबांचा खडकाळ माळ आहे. कुसळांशिवाय तिथं काही येत नाही. सौर प्रकल्पासाठी एका कंपनीच्या निकिताबाई तो माळ मोजायला आल्या आणि आबांकडं चहा घेऊन गेल्या. आबांची बायको बनुबाई गेल्यापासून त्या घरात दुसरा कप विसळलाच नव्हता! आबा टीव्हीवरच्या बातमीदाराला “व्हय का?” म्हणायचे आणि फोनमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईलाही “बरं बाई, मग करतो” असं सांगायचे. आता माळावर माणसं राबतील, पहारेकरी राहील, जाता-येता कुणी ओट्यावर टेकेल! जमिनीच्या भाड्यापेक्षा आबांना त्याचीच आस.

आणि परवा निकिताबाईंचा फोन आला. “आबा, कंपनी थांबलीय. दुपारी सगळीकडंच सौर वीज होते, म्हणून दुपारचा भाव पार पडतो. संध्याकाळी चढतो, पण तेव्हा ऊन कुठंय? वीज साठवायला मोठ्या बॅटऱ्या लागतील. संध्याकाळचा भाव पुढंही टिकेल असं दिसलं, तरच कुणी एवढा पैसा घालेल.”

आबांनी त्यातलं एवढंच उचललं, की संध्याकाळी गिऱ्हाईक दिसलं पाहिजे!

“लिलावात आपण काय करतो?” त्यांनी पारावर समजावलं. “आपल्याच ढिगावर मेव्हण्याला बोली लावायला उभा करतो. व्यापारी बिचकतात, भाव चढतो. तसंच करायचं! आज दिवेलागणीला गावातलं झाडून सगळं चालू करा!”

“आन् मेव्हण्याच्याच गळ्यात माल पडला तर?” गोरक्षानं विचारलं.

“गोरक्षा, तू माझ्या लग्नातबी असंच अभद्र बोलला हुतास!”

“आन् माझं बिल?” केशरबाई म्हणाल्या.

“माळावर कामगार आले की त्यांचंबी दळण तुझ्याकडंच! का माझं एकट्याचंच दळत बसशील?”

केशरबाईंना पटलं. त्यांनी बायकांना पटवलं.

दिवेलागण झाली. गिरणी धडधडली, गोरक्षाची कडबाकुट्टी खडखडली, मोहियोद्दीनभाईंनी वेल्डिंगच्या ठिणग्या उडवल्या. घरोघर हिटर, इस्त्र्या, पंखे! आबांकडं लावण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी बनुबाईंचा मिक्सर काढला आणि रिकामाच फिरवला. तो कोंडलेल्या मांजरासारखा किंचाळला. घरात आवाज झाला म्हणून आबांना इतकं बरं वाटलं!

एवढ्यात गावाला वीज देणाऱ्या डीपीवर धडाम! निळा जाळ झाला आणि गाव गडप.

“आबाऽऽ!”

चहूकडून हातातल्या बॅटऱ्या पाजळत माणसं आबांच्या ओट्याकडं निघाली.

“माझं दळण निम्म्यात अडकलं!”

“आबा, वेल्डिंगला घेतलेलं गेट अर्धंच ऱ्हायलं ना हो!” मोहियोद्दीनभाई कळवळले.

आबांनी खाली मान घालून निकिताबाईंना फोन लावला. “ताई, मागणी लई झाली! भाव चढला का?”

पलीकडून हसू ऐकू आलं. “आबा, तो बाजार अख्ख्या देशाचा. तुमचं गाव त्यात चिमूटभरही नाही! आणि एका संध्याकाळची गर्दी बघून कोण पैसा घालतं? पुढची कितीतरी वर्षं ती येईल, असा भरवसा पाहिजे.”

फोन ठेवून आबांनी बघितलं, तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बनुबाईंच्या तेराव्यानंतर एवढी माणसं आलीच नव्हती! त्यांनी चुलीवर पातेलं चढवलं. कप पुरेनात, तेव्हा केशरबाईंनी घरून आणले. शिव्या देता देता गोरक्ष हसायला लागला. मग आबांच्या लग्नातली गोष्ट निघाली. अंधारात कुणाला घाई नव्हती.

“वायरमन लवकर यायचा न्हाई,” आबा आशेनं म्हणाले. “मागं आठवडा लावला हुता त्यानं!”

पण वायरमन ओम नेमका त्याच दिवशी गावात सासुरवाडीला आलेला! सासऱ्यानं त्याला ताटावरून उठवला. चहा उकळून वर येतोय, तोवर फ्यूज बसला. गाव लख्ख! घराघरातून मालिकांची गाणी सुरू झाली आणि ओटा भराभर रिकामा झाला. पातेलं तसंच भरलेलं.

शेवटी गोरक्ष चपला शोधत उठला.

“उद्या येशील का रं?” आबांनी विचारलं.

“बघू की, आबा! आत्ताच कसं सांगू?”

“जा मग,” आबा म्हणाले. “कंपनी भरवसा मागती त्यात काय खोटं न्हाई.”