मागचं धरून

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीच्या कार्यालयात चार टेबलं होती आणि चार फोन. तीन टेबलांवर तक्रारी घेणाऱ्या तीन ताई बसत, चौथ्यावर साहेब. ताईंचे फोन सकाळी नऊपासून बोंबलत असत. साहेबांचा फोन शांत असे. पण म्हणून साहेब रिकामे असतात, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. घरी तर त्यांचा दबदबाच होता. संध्याकाळी दारात पाऊल ठेवताच ते म्हणत, "श्वास घ्यायला फुरसत नव्हती आज," आणि खुर्चीत अंग टाकून देत. मग बायको आपलं शिलाई मशीन थांबवून पाणी आणून देई आणि त्यांची आई म्हणे, "राबतो गं बिचारा." त्या एका वाक्याच्या जोरावर साहेबांनी अठरा वर्षं घरातली इकडची काडी तिकडे केली नव्हती.

तक्रार नोंदवायला लोकांना फार ताटकळावं लागतं म्हणून मालकांनी नवी टेलिफोन यंत्रणा घेतली. ती बसवायला आलेला टेलिफोनवाला तरतरीत माणूस होता.

"फोन आला की यंत्रणा बघणार, चौघांत सगळ्यात कमी कोण बोललंय. फोन त्याच्याकडे," त्याने समजावलं. "आणि नुसतं आजचं नाही, मागच्या तीन महिन्यांचंही धरून. कुणावर अन्याय नको."

"रास्त आहे," साहेब म्हणाले.

"तुमचा नंबर यादीत ठेवू की काढू?"

मालक शेजारीच उभे होते. "ठेवा की," साहेब उदारपणे म्हणाले. "मी काय वेगळा आहे?"

मालकांना हे फारच आवडलं. आठवड्याने फोन करून चौकशी करतो, असं सांगून टेलिफोनवाला गेला.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला साहेबांचा फोन वाजला. एका गृहस्थांच्या मशीनमधून फेस वाहत वाहत शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेला होता. तो फोन ठेवतात तोच दुसरा. एका बाईंच्या मशीनने नवऱ्याची पँट आत अडकवून ठेवली होती आणि नवरा कामावर जायचा खोळंबला होता. दुपारपर्यंत साहेबांनी एकतीस फोन घेतले. तिन्ही ताई नखं बघत बसल्या होत्या.

"काहीतरी बिघडलंय," घसा बसलेले साहेब म्हणाले.

सगळ्यात जुन्या ताईंनी पडद्यावर पाहिलं. "नाही साहेब, बरोबर चाललंय. तीन महिन्यांत आमचं प्रत्येकीचं तीनशे तास बोलणं झालंय. तुमचं चाळीस मिनिटं."

"मग?"

"मग तुम्ही आमच्याएवढे होईपर्यंत सगळे फोन तुम्हालाच."

यादीतून नंबर काढायला सांगावं, तर मालकांपुढे आपण रिकामे असतो हे कबूल करावं लागणार. रिसीव्हर उचलून बाजूला ठेवावा, तर तो मिनिटाभरात कोकलायला लागे. साहेबांना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पण हात धुताना त्यांना युक्ती सुचली. त्यांनी बायकोला यंत्रणेचा नियम सांगितला आणि म्हणाले, "रोज नऊला मी घरी फोन करतो. तू उचल, स्पीकरवर टाक आणि तुझ्या मशीनशेजारी ठेवून दे. बोलायचं काही नाही. माझे तास भरत राहतील आणि फोनही लागणार नाही."

"आणि तुमची कामं?" बायकोने विचारलं.

"ती चालूच राहतील की."

युक्ती अगदी फळली. आठवडाभर साहेबांच्या टेबलावर शांतता नांदली. शनिवारी मालक हातात छापील कागद घेऊन आले. "आठवड्यात छत्तीस तास," ते ताईंना म्हणाले. "तुम्हा तिघींपेक्षा जास्त. शिका यांच्याकडून काहीतरी." ताई एकमेकींकडे बघून खोकल्या.

साहेब त्या संध्याकाळी तरंगतच घरी आले. "मालक म्हणाले, असा राबणारा माणूस दुसरा नाही."

बायकोने शिलाई मशीन थांबवलं नाही. "मालकांनी कागद पाहिला. आम्ही ऐकत होतो."

"काय ऐकत होतात?"

"सोमवारी तुम्ही पेपर वाचलात. दोनदा. मंगळवारी अकराच्या सुमाराला घोरायला लागलात. आईंना वाटलं, माझ्या मशीनला तेल हवंय. बुधवारी कोणीतरी सही मागायला आलं."

"त्यालासुद्धा उद्या ये म्हणालास," आई म्हणाली.

साहेबांना मनापासून लाज वाटली, आणि बायकोपेक्षा आईची जास्त. ते खुर्चीकडे निघाले होते, ते मधेच थांबले.

"तुमच्या टेलिफोनवाल्याचा नियम मात्र मला पटला," बायको म्हणाली. "काम आलं की बघायचं, घरात सगळ्यात कमी कोण राबलंय. काम त्याच्याकडे."

"आजपासून ना?" साहेबांनी आशेने विचारलं.

"मागचं धरून," बायको म्हणाली. "अठरा वर्षं."

आईने भांडी घासायची घासणी त्यांच्या हातात दिली.

तिसरं पातेलं घासत असताना साहेबांच्या खिशातला फोन वाजला. ओल्या हाताने तो काढून त्यांनी खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. पलीकडे टेलिफोनवाला होता.

"काय साहेब, कशी चाललीये यंत्रणा?"

साहेबांनी वळून पाहिलं. बायको आणि आई दोघी त्यांच्याकडेच बघत होत्या.

"उत्तम," साहेब म्हणाले. "सगळं अगदी योग्य माणसाकडे जातंय." आणि त्यांनी चौथं पातेलं पुढे ओढलं.