पाच सायकली आणि दीड फूट हवा

"पाचच ना? सात आण! सात सायकली बसवून दाखवतो, आणि वर तुझी शिवणाची खोलीही काढून देतो!"

गोदामभाऊ हे बोलले तेव्हा वहिनींच्या तोंडात चार टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात भाऊंनी अशी मोठमोठी वचनं नेहमी टाचण्यांच्या वेळीच दिली आहेत. हा योगायोग समजायचा की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

भाऊ एका भल्यामोठ्या गोदामाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. खोकी रचण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर रचायला खोकी उरली नाहीत, म्हणून त्यांनी घर रचायला घेतलं. मिठाचा डबा इतर डब्यांपेक्षा अर्धा इंच उंच निघाला, तर त्याची रवानगी थेट माळ्यावर! गेले दोन महिने वहिनी स्वयंपाकात मीठ घालायचं म्हटलं की स्टुलावर चढत होत्या. पण त्या काही बोलल्या नाहीत. माणसाला कशात तरी गुंतवून ठेवावं लागतं, हे त्यांना कळत होतं.

गॅरेज मात्र वेगळी गोष्ट होती. सोळा फूट लांब, आठ फूट रुंद. त्यात मोटार कधी आलीच नाही, सायकली येत गेल्या. भाऊंची स्वतःची काळी, जड, उचलली की कंबर आठवणारी. वहिनींची पुढे टोपली असलेली. लेकीची शर्यतीची, जिला स्टँडच नव्हता आणि म्हणून ती कायम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर रेललेली असायची. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, तो जाडजूड चाकांची ठेवून गेला. आणि पाचवी, वहिनींच्या भावाने 'दोन दिवस ठेवा' म्हणून चार वर्षांपूर्वी ठेवलेली घडीची सायकल. ती घडीची होती असं मेहुण्याचं म्हणणं होतं. तिची घडी झालेली कुणी पाहिली नव्हती.

या पाच जणी एकमेकींत पाय अडकवून गॅरेजभर पडलेल्या असत आणि वहिनी शिवणकाम जेवणाच्या टेबलावर करत. त्यातूनच गेल्या वर्षी घोटाळा झाला. शाळेच्या नाटकाचे पोशाख शिवायला घेतले होते आणि एका ढगावर चहा सांडला. मुलांची नाटकं बसवणाऱ्या बाई, त्यांना सगळे नाटकाच्या बाई म्हणत, त्यांनी तो ढग उजेडात धरला आणि एवढंच म्हणाल्या, "पाऊस पडेल असा ढग हवा होता. हा तर उकळलेला दिसतोय."

यंदा चाळीस पोशाख शिवायचे होते. अठरा झाडं, बारा ढग आणि दहा ससे. बाईंनी निरोप पाठवला होता, "शनिवारी अकराला येऊन जागा बघते. कामासाठी वेगळी खोली असेल तर काम तुमचं. नसेल तर रागावू नका, मी दुसरीकडे देईन." वहिनींना हे काम मनापासून हवं होतं. त्या उकळलेल्या ढगानंतर गावात तोंड दाखवायला त्यांना कसंसंच होत होतं.

तर, भाऊंनी कंबर कसली! आठवडाभर पुठ्ठ्याच्या पाच छोट्या सायकली कापून आलेखाच्या कागदावर सरकवल्या. शुक्रवारी योजना तयार झाली. गॅरेजच्या मागच्या भागात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी चौकट उभी करायची. तिच्यावर सायकली पुढच्या चाकाने टांगायच्या, एक वर, एक खाली, म्हणजे हँडलाला हँडल लागत नाही. पुढचं सगळं गॅरेज वहिनींचं. मध्ये छानसा पडदा.

"आणि मागे भिंतीपाशी ही जागा कशाला सोडली?" लेकीने कागदावर बोट ठेवलं.

"दीड फूट हवा!" भाऊ म्हणाले. "माल भिंतीला कधी टेकवायचा नाही. ओल धरतो. आणि मागे उभं राहून नटबोल्ट आवळता येतात. आमच्या गोदामात हीच पद्धत. मागून आवळायचं, मागून तपासायचं."

"आणि मग?"

"मग काय? मागच्या दाराने निघून जायचं!"

लेक मान डोलावून अभ्यासाला गेली. मागचं दार गॅरेजला आहे का, हा प्रश्न तिला पडला नाही. तिच्या वडिलांनाही पडला नाही.

शनिवारी सकाळी काम इतकं झकास झालं की विचारू नका! भाऊ चौकटीच्या मागे उभे राहिले, लेक पुढून एकेक सायकल देत गेली. काळी वर. टोपलीवाली खाली. शर्यतीची वर. जाडजूड खाली. शेवटी घडीची. भाऊंनी शेवटचा बोल्ट पक्का केला, पाना आऱ्यांमधून लेकीच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. जागेवर ठेव, आणि जा तू. काम संपलं!"

लेक पाना ठेवून मैत्रिणीकडे गेली. भाऊंनी हात झटकले, समाधानाने मागे वळले आणि गोदामात एकतीस वर्षं वळले तसेच दाराच्या कडीला हात घालायला गेले.

समोर भिंत होती.

ते डावीकडे बघून आले, उजवीकडे बघून आले. तिथेही भिंतच होती. फारसं बघण्यासारखं काही नव्हतं, दीड फूटच तर जागा. भाऊ तसे शांत माणूस. त्यांनी प्रथम चष्मा पुसला. मग घडीची सायकल जरा मिटली तर एका अंगाने सटकता येईल असा हिशेब करून तिची खिट्टी दाबली. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्यात हालचाल झाली. पण ती मिटण्याऐवजी उघडली! उरलेली दोन इंचांची फटसुद्धा तिने खाऊन टाकली.

आता हाक मारणं एवढंच बाकी होतं. भाऊंनी तोंड उघडलंही. तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी घाईघाईत, पलीकडे न बघताच पडदा लावला, मशीन ढकलत आणून चौकटीला टेकवलं, कातरी खिळ्यांवर अडकवल्या आणि दोन पावलं मागे सरून सगळं डोळे भरून पाहिलं.

"छान जमवलं हो यांनी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "उगाच बोलत असते मी."

झालं! भाऊंनी उघडलेलं तोंड मिटलं. बायकोच्या तोंडून स्वतःचं कौतुक पाठीमागे ऐकायला मिळणं ही संधी नवऱ्याला किती वेळा येते? त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि जागा आधीच कमी होती. 'पाच मिनिटांनी सांगू,' असं त्यांनी ठरवलं.

पाचव्या मिनिटाला नाटकाच्या बाई आल्या. अर्धा तास आधी!

"वा, पडदा वगैरे!" बाईंचा आवाज आला. "जागा स्वच्छ आहे. पण लहान वाटते हो. ससे-ढग मावतील. झाडांचं काय करणार? झाडं घडी घालून ठेवता येत नाहीत, फांद्या मोडतात. अठरा आहेत."

"करू काहीतरी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता.

"काहीतरी करून चालत नाही. पडद्यामागे काय आहे?"

"सायकली."

"किती?"

"पाच."

नेमकी त्याच वेळी भाऊंच्या नाकात चार वर्षांची धूळ गेली. त्यांनी नाक दाबलं, श्वास कोंडला, सगळे उपाय केले.

"हाक्छी!"

बाईंनी पडद्याकडे रोखून पाहिलं.

"तुमच्याकडे सायकली शिंकतात?" बाईंनी विचारलं.

"शेजारी असतील," वहिनी म्हणाल्या. "भिंती पातळ आहेत."

शिंकेच्या झटक्याने भाऊंचं कोपर काळ्या सायकलीच्या घंटीवर आपटलं. ट्रिंग!

"आणि दारावरही कुणी आलंय बघा," बाई म्हणाल्या.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. ती शिंक आणि ती घंटी या दोन्ही आवाजांशी त्यांचा एकतीस वर्षांचा परिचय होता. पडद्यामागे कोण आहे हे त्यांना कळून चुकलं होतं. का आहे, हे मात्र कळत नव्हतं, आणि विचारायची ही वेळ नव्हती.

"बरं, जागेचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "नमुन्याचं झाड शिवलंय म्हणालात ना? द्या, मीच घालून बघते, खांद्यात आखडतं का ते. इथे आपण दोघीच आहोत, हा वरचा अंगरखा काढून ठेवते."

भाऊंना दरदरून घाम फुटला! गप्प राहावं तर सभ्यपणाला बट्टा, बोलावं तर वहिनींचं काम हातचं जाणार. पण काही गोष्टींना पर्याय नसतो.

"बाई, थांबा!" ते ओरडले. "क्षमा करा! इथे एक गृहस्थ आहेत!"

बाईंनी पडदा सर्रकन बाजूला केला. चाकं, आरे, पेडलं आणि साखळ्या यांच्या पलीकडे, टोपलीच्या किंचित वर, भाऊंचा चष्मा चमकत होता.

"नमस्कार," भाऊ म्हणाले.

"तिथे काय करताय?"

"पाहणी."

"कधीपासून?"

"पाऊण तास झाला असेल."

"झाली असेल तर बाहेर या."

"तेवढं सोडून काहीही सांगा," भाऊ पडेल आवाजात म्हणाले.

वहिनींनी कपाळाला हात लावला. गेलं काम! आधी उकळलेला ढग, आता अडकलेला नवरा. बाई मात्र सरळ तपासणीला लागल्या. त्या वाकल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, चौकट हलवून पाहिली. ती हलली नाही. पाचही सायकली बोटाने मोजल्या. मग भाऊंनाही मोजलं.

"ही मांडणी कुणाची?" त्यांनी विचारलं.

भाऊंचा ऊर भरून आला! वर-खाली टांगणी, हँडलाचा कोन, ओल, दीड फूट हवा... सांगण्यासारखं कितीतरी होतं. ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात त्यांना वहिनींचा चेहरा दिसला. हातात झाडाची बाही धरून त्या उभ्या होत्या, आणि निकाल ऐकायला थांबलेल्या मुलीसारख्या खाली बघत होत्या.

"तिची," भाऊ म्हणाले. "सगळी तिची. मी आपला बोल्ट आवळायला."

वहिनींनी मान वर केली.

"तरीच!" बाईंनी टाळी वाजवली. "अहो, जी बाई एवढ्याशा जागेत पाच सायकली आणि एक अख्खा नवरा उभा करून ठेवते आणि कुणाला पत्ता लागू देत नाही, तिला अठरा झाडांची काय काळजी! अशीच चौकट पुढे एक करा, झाडं टांगा. काम तुमचं. सोमवारी कापड पाठवते."

वहिनींचे डोळे भरून आले. भाऊंचेही आले, पण ते पुसायला हात वर नेण्याइतकी जागा नव्हती.

बाई निघाल्या. दारापर्यंत जाऊन त्यांना काहीतरी सुचलं, म्हणून त्या वळल्या.

"एक विचारायचं राहिलं. यांना तुम्ही कायम इथेच ठेवता, की आजच्यापुरतं?"

वहिनींनी चौकटीकडे पाहिलं. घराकडे पाहिलं. पुन्हा चौकटीकडे पाहिलं.

"छे हो, आजच्यापुरतंच!" त्या म्हणाल्या.

उत्तर अगदी योग्य होतं, भाऊंची त्याबद्दल काही तक्रार नाही. ते द्यायला वहिनींना एवढा वेळ का लागला, एवढंच त्यांना अजून कळलेलं नाही.