खोट नसलेली गाडी

बाजारात दुकान असलेल्या चष्मेवाल्यांना गाडी विकायची होती आणि गाडीत काहीच खोट नव्हती. सगळी अडचण तिथेच झाली. नव्या घराखाली गाडी लावायला जागा नव्हती आणि घर रविवारी बदलायचं होतं. तोवर गिऱ्हाईक मिळालं नाही, तर कोपऱ्यावरचा दलाल ती निम्म्या भावात उचलणार होता. पोटच्या पोरासारखी जपलेली गाडी त्याच्या घशात घालायची, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

पहिल्या गिऱ्हाइकाने बॉनेटमध्ये डोकं घातलं, टायरला लाथ मारून पाहिली आणि विचारलं, "मग विकताय कशाला?" जागा नाही, असं खरं कारण सांगताच तो गालातल्या गालात हसून निघून गेला. चष्मेवाल्यांनी भाव उतरवला, तर दुसऱ्याचा संशय आणखी बळावला. एवढ्या स्वस्तात देताय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं त्याचं म्हणणं. मग त्यांनी पदरमोड करून मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली. सगळं ठाकठीक निघालं. हे ऐकून तिसऱ्याने मेकॅनिकला किती चारले, एवढंच विचारलं.

चष्मेवाल्यांना आता रागापेक्षा कुतूहलच वाटू लागलं. आपणच गिऱ्हाईक आहोत असं समजून त्यांनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं, तर त्यांनाही ती जरा संशयास्पदच दिसली.

शनिवारी एक बँकवाले गृहस्थ आले. त्यांचाही प्रश्न तोच. चष्मेवाले तोंड उघडणार, तोच बायको बाहेर आली.

"खरं सांगू का भाऊ," ती आवाज उतरवून म्हणाली, "यांना हल्ली नीट दिसत नाही. म्हटलं, कुणाच्या अंगावर घालण्याआधी विकून टाका."

गृहस्थांचा चेहरा खुलला. "असं होय. म्हणजे गाडीत काही नाही."

बायकोने मूळचा भाव सांगितला आणि गृहस्थांनी तो घासाघीस न करता दिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे तपासलेल्या चष्मेवाल्यांना हे फार लागलं, पण बायकोने असे डोळे वटारले की त्यांनी मुकाट्याने पैसे खिशात घातले. निदान गाडी फाटकाबाहेर काढून द्यावी म्हणून ते पुढे झाले, तर गृहस्थांनी हळूच किल्ली काढून घेतली.

"राहू द्या काका, मी काढतो. आणि एखादा चांगला चष्मेवाला गाठा."

चष्मेवाल्यांना राहवेना. "तुम्ही कुणाकडे जाता?"

गृहस्थांनी बाजारातल्या एका दुकानाचा पत्ता सांगितला. ते नेमकं चष्मेवाल्यांच्या दुकानासमोरचं होतं.

"त्याच्यासमोर आणखी एक दुकान आहे," गाडी सुरू करत गृहस्थ म्हणाले, "पण तो फार स्वस्तात देतो. म्हटलं, काहीतरी गोम असणार."