बर्फातला भुंड्या

बालमित्रांनो, मांडी घालून बसा आणि मोबाइल जरा बाजूला ठेवा. एका जंगलात, खूप उंच डोंगरावर, तुंगाबाई नावाच्या एक अस्वलीणबाई राहत. थंडी पडली की बाकीची अस्वलं गुहेत झोपून जात. तुंगाबाईंना झोपून चालत नसे. त्यांना फोटो काढायचे असत.

त्यांनी एक मुंगूस पाळलं होतं. त्याचं नाव भुंड्या. लहानपणी सापाशी मारामारी करताना त्याची शेपटी गेली होती. तुंगाबाईंचा त्याच्यावर फार जीव. त्याला पोटाशी घेतल्याशिवाय त्या जेवतसुद्धा नसत.

एकदा रात्रभर बर्फ पडला. सकाळी सगळं पठार पांढरंशुभ्र झालं. तुंगाबाई भुंड्याला घेऊन धावतच बाहेर पडल्या. सोबत नरोत्तम माकड होतं. ते जंगलातल्या सगळ्यांचे फोटो सुधारून देत असे.

"भुंड्या, जा रे, मधे जाऊन बस," तुंगाबाई म्हणाल्या.

"अहो, असा चालत पाठवू नका," नरोत्तम ओरडलं. "पावलांचे ठसे उठतील!"

मग तुंगाबाईंनी भुंड्याला खडकावरून अलगद भिरकावलं. तो मऊ बर्फात पोटापर्यंत रुतला.

"आता मागे या," नरोत्तम म्हणालं. "आणखी मागे. तो एका कोपऱ्यात आला पाहिजे. बाकी सगळा बर्फ मोकळा हवा."

तुंगाबाई मागे मागे सरकल्या. भुंड्या लिंबाएवढा दिसू लागला, मग मिरीएवढा.

"आई, गार लागतंय," तो म्हणाला.

"झालंच हं बाळा! अजिबात हलू नकोस. हा नीट आला नाही तर अजून एक काढू."

फोटो निघाला. दोघं देवदाराच्या ढोलीत बसून तो सुधारू लागली. बर्फ करडा आला होता, तो पांढरा केला. भुंड्याने थंडीने डोळे मिटले होते, ते उघडले. त्याचा मळकट रंग सोनेरी केला.

"मागून जरा ओकंबोकं वाटतंय, नाही?" तुंगाबाई म्हणाल्या.

नरोत्तमने एका कोल्ह्याच्या फोटोतली झुबकेदार शेपटी काढून भुंड्याला लावली. तुंगाबाईंचे डोळे भरून आले. "अगदी जसाच्या तसा आलाय हो!"

फोटो जंगलभर गेला. कौतुक वाचता वाचता संध्याकाळ झाली. तेव्हा कुठे तुंगाबाईंना आठवलं, की भुंड्याला हलू नकोस म्हणून सांगितलं होतं.

त्या छाती पिटत धावल्या. पण दुपारी पुन्हा बर्फ पडला होता. खडक कुठला नि पठार कुठलं, काही कळेना. त्यांनी हाका मारल्या, नखं रक्ताळेपर्यंत बर्फ उकरला. मग सगळ्यांना तोच फोटो दाखवला. "याला कुणी पाहिलंत का हो?"

सगळं जंगल शोधायला निघालं. हिमतराव याकाला पठाराच्या कडेला बर्फाखाली काहीतरी हलताना दिसलं. त्याने फुंकर मारून बर्फ उडवला. आत एक काकडलेलं मुंगूस होतं.

"शेपटी कुठाय तुझी?" हिमतरावाने विचारलं.

"नाहीये."

"मग तू तो नव्हेस," हिमतराव म्हणाला आणि पुढे शोधायला गेला. फार जबाबदार प्राणी होता तो.

जवळच एक म्हातारी साळिंदर राहत होती. तिला दिसत नव्हतं, त्यामुळे तिने फोटो पाहिला नव्हता. तिला नुसतं कण्हणं ऐकू आलं. तिने भुंड्याला बिळात ओढून घेतलं, वाळक्या पानांत गुंडाळलं आणि बर्फ वितळेपर्यंत जगवलं.

वसंतात तो साळिंदरआजीला ओढ्यावर घेऊन आला. पलीकडे तुंगाबाई पाणी पीत होत्या. थंडीभर रडून त्या अर्ध्या झाल्या होत्या.

"आई!" भुंड्याने पाण्यात उडी मारली. तो पोहत जाऊन त्यांच्या पायाला बिलगला.

तुंगाबाईंनी त्याला उचललं. बराच वेळ हुंगलं. मग त्यांनी तो जुना फोटो पाहिला, भुंड्याला उलटं करून पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं.

"वास अगदी आमच्या भुंड्यासारखा आहे हो याला," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण आमच्याला शेपटी होती."

भुंड्या पुन्हा पोहत अलीकडे आला आणि साळिंदरआजीला म्हणाला, "चल आजी, पुढे दगड आहे. जपून."

तात्पर्य: मुलांनो, हरवण्यापूर्वी आपला शेवटचा फोटो नीट पाहून घ्यावा आणि तसंच दिसत हरवावं. शोधणाऱ्यांची उगाच गैरसोय करू नये.