पदरावरच्या नद्या

साडेदहा वाजता गायत्रीनं माळ्यावरचे सगळे कागद खाली ओढले, तेव्हा मालतीबाई तयार साड्यांच्या घड्या घालत होत्या. बाराला सातवीचा भूगोलाचा पेपर. तिच्या बापानं, हेमराजनं, दिवसपाळीला जाताना पोरीला दारातूनच बजावलं होतं, "औंदा भूगोलमा नापास व्हयनी, तं शाळा बंद. मायजोडे टिकल्या लावाले बठ." हेमराज बोलला म्हणजे करणार, हीच तर पंचाईत!

"माय, माझा नकाशा कुठंय?"

"कसाना नकाशा?"

"नद्यांचा! पातळ कागदावर काढून तुझ्यासारखा सुईनं टोचून ठेवला होता. बाई म्हणाल्या, दहा वेळा काढा. म्हटलं, काढत कोण बसतंय? नीळ फिरवली की झाले दहा!"

मालतीबाईंचा हात थांबला. नवागामच्या त्यांच्या एका खोलीच्या घरात टोचलेला कागद एकच असायचा, काम देणाऱ्या शेठच्या नक्षीचा. तो पदरावर ठेवायचा, रॉकेलात कालवलेली नीळ फिरवायची आणि उमटलेल्या ठिपक्यांवर टिकल्या चिकटवायच्या. चिकटवणाऱ्या बाईला नक्षी कुठली दिसायला, तिला फक्त पुढचा ठिपका दिसतो. त्यांनी तयार झालेल्या सहा साड्या भराभर उलगडल्या. पहिल्या दोन साड्यांच्या पदरावर वेल होती. उरलेल्या चार पदरांवर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अख्खा भारत चमचमत होता.

"आग लागो तुन्या हुशारीले!" त्यांनी साड्यांखालून तो कागद हिसकला आणि गॅसवर धरला. रॉकेल प्यालेला कागद भप्पकन गेला.

"माय! त्याच्यावरच अभ्यास करायचा होता!"

"पुस्तक कोठे शे?"

"वर्गातली नूतन घेऊन गेली. आता शाळेतच भेटेल."

तेवढ्यात शेठचा माणूस लोकेश जिना चढून आला. मालतीबाईंनी झटक्यात साड्या दोरीवर टाकल्या. घाईत पदर उलटे लटकले, भारत खाली डोकं वर पाय. लोकेशनं फोटो काढून शेठला पाठवला. उत्तर येईपर्यंत मालतीबाईंनी सप्तशृंगीला नारळ बोलून टाकला.

"मावशी, शेठ म्हणतो चार सरस छे, एक नंबर," लोकेश म्हणाला. "पण ह्या दोन वेगळ्या का? एकसारखा माल पाहिजे. चार नेतो, ह्या दोन संध्याकाळपर्यंत तशाच करून ठेवा."

साड्या घेऊन तो गेलासुद्धा. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. नकाशा जळालेला, पदर टेम्पोत, आणि घरातला एकुलता एक फोन हेमराजच्या खिशात.

"काढ परत," मालतीबाई म्हणाल्या.

"मला नाही येत!" गायत्रीला रडूच फुटलं.

मालतीबाईंनी डोळे मिटले आणि बोट फरशीवर फिरवलं. चार पदरांवर एकेक टिकली त्यांनीच बसवली होती, बोटांना सगळं पाठ होतं. बोट फिरेल तशी गायत्री पेन्सिल ओढू लागली. "हाई आठून निंघस. मंग अशी वळस."

"ही गंगा! आणि ही तापी!"

"तापीना खाले आखो एक व्हती. लांबलचक. एकशे चाळीस टिकल्या खाई गयी."

"खाली? नर्मदा तापीच्या वर असते!"

गायत्रीनं कागद उलटा फिरवून पाहिला. मग उलगडा झाला. मालतीबाई बसायच्या पदराच्या पलीकडच्या, काश्मीरच्या बाजूला; त्यांच्या देशात कन्याकुमारी वर होती.

"मग मीच तुझ्या बाजूला येते," गायत्री म्हणाली. मायलेकींनी तीनदा सगळ्या नद्या गिरवल्या. पावणेबाराला पोरगी पळाली.

दिवसभर त्या दोन पदरांवर आठवणीनं नद्या चिकटवतानाही मालतीबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी गायत्री आली ती तोंड पाडूनच.

"गयी का वं नापास?" त्यांनी दारातच विचारलं.

"नाही. बाईंनी लगेच तपासला. सगळ्या नद्या बरोबर आल्या, पैकीच्या पैकी."

"मंग असं तोंड कसाले करी ऱ्हायनी?"

"नकाशा उलटा धरून सोडवला ना मी. नावंही उलटीच लिहिली गेली, सगळा वर्ग हसला. बाई टेबलाला वळसा घालून पलीकडं गेल्या, तेव्हा कुठं त्यांना मार्क देता आले."