अर्धी करडई उभी हाय

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी "आता यांना घरी न्या" असं सांगितलं, त्याचा अर्थ श्रीमंतला लगेच कळला. रोगी बरा झाला तरी डॉक्टर हेच सांगतात, पण तेव्हा ते नातेवाइकाच्या पाठीवर हात ठेवत नाहीत. श्रीमंतचे वडील पुंजाराम, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची, कित्येक दिवस डोळे मिटून पडले होते. पोटात अन्न नाही, तोंडात शब्द नाही. बोलणं बंद होण्याआधी त्यांनी पोराला एवढंच सांगितलं होतं, "मला हितं मरू देऊ नको. माझ्या उंबऱ्याच्या आत घे." बापाचं एवढं एकच मागणं उरलं होतं आणि ते पुरं करायची सोय नव्हती.

एस्टीच्या कंडक्टरने आधीच कानांवर हात ठेवले होते. "बसलेला मानूस न्हेतो, आडवा न्हाई न्हेत," तो म्हणाला. खरं तर श्रीमंतला एस्टीची गरजच पडायला नको होती. पारनेरजवळच्या त्याच्या वस्तीवर, त्याच्या दारात, स्वतःची मोटार उभी होती. कुण्या साहेबाने वापरून सोडून दिलेली जुनी डॉज. ती पेट्रोल इतकं प्यायची की मालकाला उपास घडायचे, म्हणून त्याने तिच्यात एका मोडीत निघालेल्या ट्रकचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. चांगल्या वर्षांत ती नवरदेव वाहायची. पण लागोपाठच्या दुष्काळात नवरदेवही आटले आणि डिझेलही. पंपावर येईल ते पाण्याच्या टँकरांना जायचं, बाकीच्यांना 'डिझेल नाही' ही पाटी वाचायला मिळायची.

शेजारचा गोरक्ष असाच एक टँकर चालवायचा. वस्तीवर येऊन श्रीमंतने त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

"मोजून मिळतंय रं मला," गोरक्ष म्हणाला. "चालू करायपुरतं बाटलीभर देतो. पन फुडं? तुज्या घरात तेल हाय का?"

"कसलं तेल?"

"खायाचं. ह्या जुन्या इंजनाला काय, मऊसूत तेल असलं की झालं. गरम कर, गाळ, आन दे ओतून. जरा खोकंल, पन जाईल."

तेल होतं. आणि ते कुठे आहे हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, कारण श्रीमंतची बायको मनकर्णा त्याच्यावर नागिणीसारखी बसून होती. आबांच्या रानात शेवटची करडई झाली, तिचं घाण्यावरून आणलेलं तेल. पाऊण डबा. त्यानंतर त्या रानात पेरलेला दाणासुद्धा परत आला नव्हता. रेशनवरच्या मिलो नावाच्या लाल परदेशी ज्वारीच्या भाकरीला ती त्यातलं बोटभर तेल लावायची, तेही घासून घासून. भीत भीत श्रीमंतने विषय काढला.

"गाडीत?" मनकर्णा म्हणाली. "अवो, पोरं डाळीत फोडनी मागत्यात, त्यांस्नी न्हाई म्हनते मी. आन तुमी गाडीला फोडनी घालता?"

"आबाला आनायचंय गं."

ती उठली, डबा ओढून पुढे आणला, चूल पेटवली. तेल गरम करून जुन्या लुगड्याच्या पदरातून तिनेच गाळलं. गाळताना डोळे पुसत होती, ते धुराने की तेलाने, हे विचारायची श्रीमंतची छाती झाली नाही.

गाडी चालली. खोकली, अडली, पण चालली. फक्त एका गोष्टीचा विचार कुणी केला नव्हता. गाडीच्या मागून जो धूर निघत होता, त्याला तळणाचा वास होता. एखाद्या लग्नघरी मागच्या अंगणात कढई चढावी, तसा खमंग. गोरक्षला सोबत घेऊन नगरला जाताना त्याचं काही वाटलं नाही. परत येताना, मागच्या सीटवर आबांना आडवं घालून, त्यांचं डोकं गोरक्षच्या मांडीवर ठेवून ते सुप्याच्या अलीकडे पोचले, तेव्हा मात्र रस्त्यावर खडी फोडणारी माणसं एकदम उठून उभी राहिली.

दुष्काळी कामावरची माणसं ती. दिवसभर दगड फोडायचे आणि सुकडी खायची. वास नाकात गेला तसे हातोडे थांबले. बायामाणसं रस्त्यात आली आणि श्रीमंतला करकचून ब्रेक दाबावा लागला.

"कुनाची पंगत हाय रं डायव्हर?" हातोडी घेतलेली एक दांडगी बाई पुढे झाली. तिला बाकीच्या रतनबाई म्हणत होत्या. "कोन्त्या सायबाला भजी चाललीत? हितं आमी मातेरं खातोय, आन डिकीत भरून तळन न्हेतोस?"

"भजी न्हाईत, मावशी. गाडीच तेलावर चालतीया."

"गाडीला तळनाचं तेल?" रतनबाईने कपाळावर हात मारून घेतला. "ऐकलं का गं? मानसांस्नी मिलो, आन मोटारीला गोडंतेल!"

तिने खिडकीतून आत डोकं घातलं आणि आबांचा तो वाळलेला चेहरा पाहून तशीच थबकली. त्याच वेळी आबांनी डोळे उघडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. पण नाक शाबूत होतं.

"कुनाकडं तळत्यात?" आबांनी विचारलं.

इतक्या दिवसांनी बाप बोलला. श्रीमंतच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "आपल्याकडंच, आबा."

"आपल्याकडं?" म्हातारा वास घेत राहिला. "करडई हाय ही. आपल्या रानातली." मग हळूच, भीत भीत, "पाऊस झाला व्हय रं? किती दिस पडून हुतो मी?"

"लई दिस, आबा. पाऊस झाला. पेरा झाला. करडई आली."

आबांनी बाहेरच्या सावल्यांकडे तोंड वळवलं. "खरं का गं बायांनो?"

रतनबाईच्या पापण्यांवर खडीची धूळ बसली होती. तिने हातोडी पाठीमागे लपवली. "व्हय बाबा," ती म्हणाली. "लई झाला. वढं-नालं भरून गेलं." बाकीच्या बायांनीही माना हलवल्या आणि रस्ता मोकळा केला.

इथे श्रीमंतने तोंड मिटायला हवं होतं. पण माणूस एकदा चांगली थाप मारू लागला की त्याला तिचा लळा लागतो. बापाच्या चेहऱ्यावर रक्त चढताना पाहून त्याने आणखी एक चमचा वाढला, "अर्धी काढली, अर्धी अजून उभी हाय."

गोरक्षने मागून त्याला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

वस्तीवर सगळे भाऊबंद येऊन बसले होते. उंबऱ्याच्या आत घोंगडी अंथरली होती, वाटीत पाणी आणि तुळशीपत्र तयार होतं. आयाबायांनी गळा काढायला तोंडं उघडली, आणि घोंगडीवर टेकलेले आबा म्हणाले, "मनकर्णे, भजी कर."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मरणाऱ्याची शेवटची इच्छा. ती मोडून चालत नाही. मनकर्णाने नवऱ्याला दाराआड ओढलं.

"काय तोंडानं सांगू? सगळं तेल गाडीत हाय!"

गोरक्षने टाकीतून वाटीभर काढून पाहिलं. त्याने दिलेल्या बाटलीतलं डिझेल त्यात इतकं मुरलं होतं की भजी खाऊन म्हातारा पेटला असता. एक जण मारुतीच्या देवळात धावला आणि रिकाम्या हाताने परत आला. "देवाला शनवारपास्नं कुनी तेल वायलं न्हाई," तो म्हणाला. "मारुतीच कोरडा हाय."

शेवटी मनकर्णानेच डोकं चालवलं. कुणाकडून तरी मूठभर बेसन आणलं, कालवलं आणि कोरड्या तव्यावर त्याचे गोळे भाजले. नवऱ्याला म्हणाली, "गाडी उलटी आना. ढुंगान दाराकडं करा, आन चालू ठेवा."

श्रीमंतने गाडी मागे घेतली. तळणाचा धूर घरात भरला. भाऊबंद खोकायला लागले, कुणाचे डोळे चुरचुरले, आणि धुरात बसून आबांनी एक गोळा चावून चावून खाल्ला.

"जरा तेल कमी पडलं गं," ते म्हणाले. "पन झ्याक." मग घोटभर पाणी प्यायले आणि श्रीमंतला ज्याची धास्ती होती तेच बोलले. "आता रान दाव मला. उभी हाय म्हनलास ना अर्धी?"

"आबा, उद्या जाऊ."

"उद्याचं कुनी बगितलंय?"

भाऊबंद त्याच्याकडे पाहत होते. कुणी सोडवायला येईना. एका जड थापेखाली वाकून त्याने बापाला पुन्हा गाडीत घातलं. उन्हं कलली होती. बांधाशी पोचता पोचता गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. टाकी कोरडी झाली होती. शेवटच्या करडईचं शेवटचं तेल त्या रानाच्या कडेला संपलं.

श्रीमंत आणि गोरक्षने आबांना घोंगडीवर घेऊन बांधावर बसवलं. समोर काळं, उघडं, भेगाळलेलं रान. गवताची काडी नाही. आबांनी हात पुढे केला. करडईचं रान म्हणजे काटेच काटे. काढणीला हाताला फडकी बांधल्याशिवाय बायका त्याला शिवत नाहीत. आबांचा हात हवेतून फिरला, काहीच लागेना, तसा खाली खाली गेला आणि जमिनीला टेकला. बोटं एका रुंद भेगेत गेली, तिथेच थोडा वेळ राहिली.

श्रीमंत मान खाली घालून उभा होता. बापाला उंबऱ्याआत आणायचं तेवढं त्याने केलं होतं. पण इथे, या ओसाड मातीवर, खोटं उघडं पडून म्हाताऱ्याने जीव सोडला तर ते घरी आणणं काय कामाचं?

"आई गं!" आबांनी झटकन हात मागे घेतला आणि बोट तोंडात घातलं. "टोचलं की रं! लई दाट आलीया."

गोरक्ष तोंड फिरवून गाडीकडे चालायला लागला. श्रीमंत मात्र मटकन बापाच्या पायाशी बसला आणि त्याला हुंदका आवरेना. आबांनी चाचपून त्याचं डोकं शोधलं.

"येड्या," ते म्हणाले, "टोचलं मला, आन रडतोस तू?"