साधारण माणूस पाहिजे

मानवजातीचा इतिहास हा मुख्यतः पाणी आत येऊ न देण्याचा इतिहास आहे. छप्पर, होडी, छत्री, बूट, बाटलीचं बूच, या सगळ्यांच्या मागे तीच एक तळमळ. हजारो वर्षांच्या या झुंजीत डबीवाल्यांनी स्वतःची म्हणून जी भर घातली, ती म्हणजे एक भोक.

डबीवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण कारखान्यात दुसऱ्या नावानं हाक मारली तर ते स्वतःसुद्धा वळून बघत नसत. कारखाना सेन्सर बनवायचा. डेअऱ्यांत आणि रंगाच्या टाक्यांवर बसून तापमान आणि दाब सांगणारी ही नाजूक यंत्रं. ती ज्या धातूच्या कवचात बसवत त्याला कागदोपत्री 'हाउसिंग' म्हणत आणि बाकी सगळे डबी म्हणत. डबीवर दिवसभर गरम पाण्याचे फवारे बसत, पाणी आत शिरे, सेन्सर मरे आणि गिऱ्हाइकाचा फोन तक्रार विभागात येई. तो उचलायला वर्षानुवर्षं डबीवालेच होते. पलीकडचा आरडाओरडा संपला की ते शांतपणे सांगत, "झाकणाचे स्क्रू आणखी आवळा." गिऱ्हाईक आवळायचं. पाणी तरीही शिरायचं.

मग एक दिवस त्यांच्या मनात आलं, नको असलेल्या पाहुण्याला दारातच अडवायचा हट्ट कशाला? येऊ दे आत, पण बैठकीच्या खोलीत पोचायच्या आधी मागच्या दारानं बाहेर काढा. त्यांनी झाकणाखाली एकाऐवजी दोन रबरी कड्या बसवल्या, दोन्हींच्या मध्ये खाच ठेवली आणि खाचेच्या तळाला एक भोक पाडलं. पहिली कडी ओलांडून आलेलं पाणी खाचेत उतरायचं आणि भोकातून निमूट बाहेर पडायचं. दुसऱ्या कडीपर्यंत त्याची मजलच जायची नाही. डबी महिनाभर फवाऱ्याखाली ठेवली, आतून कोरडी ठणठणीत. मोठे साहेब खूश झाले. त्यांनी पेटंटसाठी अर्ज ठोकला, नमुन्याची डबी आणि नकाशे आपल्या कपाटात कुलूपबंद केले आणि डबीवाल्यांना तक्रार विभागातून उचलून नव्या डिझाइन विभागात बसवलं. तिथे खिडकी होती आणि फोन नव्हता. माणसाला आणखी काय लागतं?

आणि मग पेटंट कार्यालयाचं पत्र आलं.

अर्जातले सगळे दावे फेटाळले होते. परीक्षकांचं म्हणणं असं, की रबरी कडीची डबी जगात आधीपासून आहे. तळाला भोक असलेला कंदीलही आधीपासून आहे. ही दोन्ही समोर ठेवली तर 'या क्षेत्रातील साधारण कसबाच्या माणसाला प्रस्तुत शोध सहज सुचला असता'.

दावे फेटाळल्याचं डबीवाल्यांना तितकंसं लागलं नाही. लागलं ते 'सहज'.

"उत्तर द्या," मोठे साहेब म्हणाले. "नाही जमलं तर एकट्या तुमच्यासाठी डिझाइन विभाग चालवण्यात अर्थ नाही. तक्रार विभागातली तुमची खुर्ची अजून तशीच आहे. कोणी बसायलाच तयार नाही तिच्यावर."

डबीवाले धावत कंपनीच्या पेटंटच्या वकीलबाईंकडे गेले.

"बाई, हा साधारण माणूस कोण? राहतो कुठे?"

"कुठेच नाही. तो कायद्यानं कल्पिलेला आहे. त्याला धंद्यातलं सगळं माहीत असतं, पण स्वतःहून काही सुचत नाही."

"अहो, असे आमच्याकडे ढिगानं आहेत!"

"मग एखादा गाठा की," वकीलबाई म्हणाल्या. "त्यानं प्रतिज्ञापत्रावर एवढंच लिहून द्यायचं, की माझं कसब साधारण आहे आणि मला हे सुचलं नसतं. परीक्षकांवर चांगला परिणाम होतो."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

वकीलबाई पेटंटच्या कामात निष्णात होत्या. माणसांशी त्यांचा फारसा संबंध आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबीवाले फिटिंग विभागाच्या फोरमनपुढे उभे राहिले. त्यांना साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मामा म्हणत.

"मामा, एक सही हवी होती."

मामांनी हात पुसले, चष्मा चढवला आणि कागद लांब धरला. "माझे कसब साधारण आहे... कोणाचं?"

"तुमचं. म्हणजे, कायद्याचा शब्द आहे तो."

"कायद्याच्या घरी असेल साधारण! माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज ठिकठिकाणी फोरमन आहेत. आणि हे काय? मला हे सुचले नसते? हे म्हणजे काय?"

"ते सांगता येत नाही. साहेबांनी कुलपात ठेवलंय."

"नका सांगू! काय असेल ते असेल, पण मला सुचलं असतं!"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत डबीवाल्यांनी मामांना साधारण म्हटल्याची बातमी पसरली. चहापर्यंत साधारणचं बिनडोक झालं, आणि भोंगा वाजेपर्यंत डबीवाल्यांनी सगळ्या फिटिंग विभागाचा आईबापांसकट उद्धार केलेला होता. त्यानंतर ते जे जे काम तिकडे पाठवत ते तसंच परत येई. सोबत निरोप असे, "साधारण माणसांना एवढं बारीक काम जमत नाही."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "त्यात काय एवढं? बाबांची घ्या सही. त्यांचा जन्म गेला पाणीखात्यात."

बाबा म्हणजे सासरे. निवृत्त अभियंते, सध्या लेकीकडे मुक्कामाला. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, आणि जावयाकडे असं पाहिलं, जणू लग्नाच्या बोलण्यांपासून सगळं पुन्हा तपासून घ्यावं.

"जावईबापू, साधारण? मी? अख्ख्या शहराचं पाणी सांभाळलंय मी."

"बाबा," बायको म्हणाली, "आपला बाथरूमचा नळ तुम्ही आल्यापासून गळतोय. बघतो म्हणाला होतात."

"तो नळच हलका आहे. आणि ही डबी ना, ही तर मी नोकरीत असतानाच केली असती."

"मग का नाही केलीत?"

"कोणी सांगितलं नाही!"

"मीच करते सही," बायको म्हणाली. "मला खरंच नसतं सुचलं."

"तू या धंद्यातली नाहीस गं. चालत नाही."

"लग्न झाल्यापासून डबीशिवाय दुसरा विषय ऐकलाय का मी? म्हणे धंद्यातली नाहीस." तिनं कागद टेबलावर ठेवला. "बरं, सगळे म्हणतात ना सुचलं असतं म्हणून? मग त्यांना सांगा, आता सुचवा. झाकली मूठ उघडायला लावा एकदा."

डबीवाल्यांनी कारखान्याच्या फळ्यावर लिहिलं, 'पाणी न शिरणारी डबी ज्यांना सुचेल त्यांनी करून आणावी. फवाऱ्याखाली ठेवण्यात येईल.' मामांनी ते वाचलं, फळ्यासमोर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्या दिवसापासून फिटिंग विभाग पूर्वी कधीच केलं नव्हतं एवढं काम करू लागला.

परीक्षेच्या दिवशी लोक खुर्च्या घेऊन आले. मामांच्या डबीची कडी अंगठ्याएवढी जाड होती आणि झाकणाला इतके स्क्रू होते, की त्यांच्यामध्ये झाकण शोधावं लागे. प्रॉडक्शनच्या साहेबांनी डबीत डबी घातली होती. सासऱ्यांनी घरून डांबर चोपडलेली डबी पाठवली होती. "शहराच्या टाक्या अशाच राखल्या," असा निरोप होता. बाकीच्यांनीही आपापल्या बुद्धीप्रमाणे कुठे गोंद, कुठे मेण, कुठे दुप्पट रबर वापरलं होतं. भोक मात्र कोणीही पाडलं नव्हतं. पाणी अडवायच्या वस्तूला भोक पाडणारा माणूस त्या धंद्यात नोकरीवर टिकतच नाही.

संध्याकाळी डब्या उघडल्या. मामांची कडी इतकी आवळली गेली होती, की एका अंगानं बाहेर निसटली होती आणि तिथून पाणी चालत आत गेलं होतं. प्रॉडक्शनच्या साहेबांकडे पाण्याला एकाऐवजी दोन खोल्या मिळाल्या होत्या. सासऱ्यांच्या डबीत पाणी गेलं की नाही ते कळलं नाही, कारण ती आजतागायत उघडलेली नाही.

"आज पाण्याचंच काहीतरी बिघडलंय," मामा म्हणाले.

डबीवाल्यांना वाटलं, आता तरी लोक सही करतील. पण हरलेला माणूस स्वतःला साधारण म्हणवून घ्यायला न हरलेल्याहूनही कमी तयार असतो. मामांनी तर कागदाला हातच लावला नाही. डबीवाले हताश होऊन आपल्या जागेवर गेले आणि त्यांनी प्रतिज्ञापत्र नव्यानं लिहायला घेतलं. 'माझे कसब असाधारण असूनही मला हे सुचले नाही.'

मामांनी ते दोनदा वाचलं. "हां! आता कसं, खरं ते लिहिलंत." आणि त्यांनी ऐटबाज सही ठोकली. त्यांच्या मागे सबंध फिटिंग विभाग रांगेत उभा राहिला. सासऱ्यांनी तर सहीखाली आपला जुना हुद्दा घातला आणि 'असाधारण'च्या आधी स्वतःच्या हातानं 'अत्यंत' लिहिलं.

वकीलबाई हरखल्या. "हे तर जास्तच भक्कम झालं! असाधारणांना सुचलं नाही, मग साधारणाला कुठून सुचणार?"

सुनावणी संगणकाच्या पडद्यावर होती. वकीलबाईंच्या टेबलापाशी डबीवाले नवा शर्ट घालून, परीक्षा द्यायला आल्यासारखे बसले होते. पडद्यावर एक सडपातळ, सर्दी झालेले परीक्षक अवतरले. त्यांनी प्रतिज्ञापत्रांची चळत शेवटपर्यंत चाळली.

"सगळेच असाधारण?"

"सगळेच," वकीलबाई अभिमानानं म्हणाल्या.

"बाई, ज्या कारखान्यात सगळेच असाधारण, तिथं तेच साधारण म्हणायचं का मी?" त्यांनी नाक पुसलं. "कायद्याला यातलं कोणी चालत नाही. मला एक साधारण माणूस दाखवा."

डबीवाल्यांच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली, तो फोन आला. त्यांनी हळूच हात वर केला.

"मी आहे."

टेबलाखाली वकीलबाईंची टाच त्यांच्या बुटावर पडली. उशीर झाला होता.

"तुम्ही शोधक ना?" परीक्षक पुढे झुकले. "म्हणजे साधारण माणसाला हे सुचलं, असं तुम्हीच कबूल करताय."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"सुचलं साहेब, पण सहज नाही सुचलं," डबीवाले म्हणाले. "तुम्ही पत्रात लिहिलीत ती कडीची डबी आमच्याच कारखान्याची. ती रोज माझ्या टेबलावर असायची, लोक परत पाठवायचे ना! आणि तो भोकाचा कंदील, तसलाच एक माझ्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला होता, वीज गेली तर असू दे म्हणून. तुम्ही म्हणता तशी दोन्ही समोर ठेवून एक साधारण माणूस वर्षानुवर्षं बसला होता. केस पांढरे झाले त्याचे. त्याला काहीसुद्धा सुचलं नाही. लोकांना फोनवर एकच सांगायचा."

"काय?"

"स्क्रू आणखी आवळा."

परीक्षकांनी चष्मा काढून हातात घेतला.

"आमच्या घरच्या पंपाच्या डबीत पाणी शिरतं," ते म्हणाले. "मीही स्क्रूच आवळतोय." मग आपण हे सुनावणीत बोललो हे लक्षात येऊन त्यांनी घाईघाईनं चष्मा लावला. "निर्णय कळवण्यात येईल."

निर्णय आला. दावे मंजूर झाले होते. त्या दिवशी वकीलबाईंनी डबीवाल्यांच्या बुटाबद्दल आपण होऊन दिलगिरी व्यक्त केली. मोठ्या साहेबांनी तक्रार विभागातली खुर्ची माळ्यावर टाकायला लावली आणि डिझाइन विभागात दुसरं टेबल मागवलं. मामांनी नकाशा पहिल्यांदा पाहिला, भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे भोक मी स्वतः पाडणार. पोरांच्या हातात देण्यासारखं काम नाही हे." पहिल्या खेपेतलं प्रत्येक भोक त्यांनी स्वतः पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, एकेक डबी उजेडाकडे धरून आरपार बघितली. घरी बायकोनं बजावलं, "आता निदान आठवडाभर दुसरं काहीतरी बोला." डबीवाल्यांनी मनापासून प्रयत्न केला.

पहिला माल एका मोठ्या डेअरीला गेला. काही दिवसांनी तिथल्या देखभाल प्रमुखांचं आभाराचं पत्र आलं. माल उत्तम आहे, काम सफाईदार आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. प्रत्येक डबीत चुकून एक भोक राहून गेलं होतं, ते त्यांच्या माणसानं लांबी भरून बुजवून घेतलं होतं.